बाबूराव चोपदारांची रशियन ललकारी

बाबूराव चोपदारांचा आवाज राजवाड्यापासून थेट सराफ्यापर्यंत ऐकू जायचा, असं छातीठोक सांगणारी माणसं इंदुरात पुष्कळ आहेत. त्यांतल्या निम्म्यांनी तो ऐकलेलासुद्धा नाही. पण आवाज होता, याबद्दल वाद नाही. होळकरांच्या दरबारात त्यांचे आजे चोपदार, वडील चोपदार, आणि बाबूरावांना मिसरूड फुटायच्या आत वडिलांनी विहिरीच्या काठावर उभं करून पुकारा शिकवलेला. विहिरीतून आवाज घुमून वर आला तर जेवण, नाहीतर पुन्हा घसा खरवडायचा.

दसऱ्याची स्वारी निघाली की सगळ्यांत पुढे बाबूराव. डोक्यावर लाल पगडी, हातात चांदीनं मढवलेली काठी, नजर पायांपुढच्या हातभर जमिनीवर. मागे वळायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. छातीभर श्वास घ्यायचा आणि सोडायचा, "निगाह रखोऽऽ! अदब सेऽऽ!" की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं वाऱ्यानं गहू वाकावा तशी वाकायची. अर्थात बाबूरावांना नव्हे. त्यांच्या पाठीमागून येणाऱ्या श्रीमंत महाराजांना. आणि एक कडक रिवाज होता. काठी हातात असेपर्यंत चोपदाराशी कुणी बोलायचं नाही, आणि कुणी हाक मारलीच तर चोपदारानं ओ द्यायची नाही. एकदा खुद्द बाबूरावांचे सासरे पुण्याहून आले होते. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी जावईबापूंना मोठ्या कौतुकानं रामराम घातला. जावईबापू नाकासमोर निघून गेले. सासरे त्यानंतर दोन दिवाळ्या रुसून होते.

सासऱ्यांचं बाबूरावांना काही वाटलं नाही. वाटलं ते कुमुदिनीचं. त्यांची एकुलती एक लेक पाच-सहा वर्षांची असताना मामाच्या खांद्यावर बसून स्वारी बघायला आली होती. बाप दिसल्याबरोबर ती किंचाळली, "बाबा! बाबा! इकडे!" बाबूरावांना ती हाक स्पष्ट ऐकू आली. तोफा, ताशे, घोड्यांच्या टापा, सगळ्यांतून ती हाक तेवढी कानात शिरली. काठी हातात होती. ते पुढे गेले. घरी आल्यावर लेकीनं विचारलं, "तुम्ही बहिरे झालात का?" बाबूरावांनी तिला रिवाज समजावून सांगितला. पोरीनं ऐकून घेतलं, पण त्यानंतर तिनं चारचौघांत बापाला कधी हाक मारली नाही. काही सांगायचं असलं तर जवळ येऊन हळू आवाजात सांगायची. शहाणी झाली, असं सगळे म्हणाले. बाबूरावांच्या घशात मात्र ते माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं.

पुढे संस्थानं विलीन झाली, मध्यभारत झालं. चांदीची काठी दप्तरी जमा झाली आणि बाबूराव एका सरकारी कचेरीत चपराशी झाले. ज्या गळ्यानं हजारो माणसं वाकवली तो गळा आता दाराच्या फटीतून कुजबुजायचा, "साहेबांनी याद केलंय." बाबूराव तक्रार करणाऱ्यांतले नव्हते. फक्त कधीकधी मल्हारगंजातल्या घराच्या गच्चीवर जाऊन ते खाकरायचे, आणि शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडून जायची.

अशी सात वर्षं गेली आणि पंचावन्न सालच्या थंडीत इंदुरात एकच कल्ला उठला: रशियन येणार! कापड गिरण्यांत काम करणाऱ्या रशियन स्त्री-पुरुषांचं एक मंडळ देशभर फिरत होतं आणि इंदूरच्या गिरण्या बघायला ते इथे उतरणार होतं. पानाच्या ठेल्यावर, गिरणीच्या फाटकावर, न्हाव्याच्या खुर्चीत, दुसरा विषय नाही. रशियन काय खातात, त्यांना आपली सेव सोसेल का, यावर सराफ्यात मारामारीची पाळी आली. बाबूरावांच्या कचेरीतले बडेबाबू दिनानाथजी स्वागत समितीचे सेक्रेटरी झाले, आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष लागेना.

एका सकाळी त्यांनी बाबूरावांना बोलावलं आणि चक्क समोरच्या खुर्चीवर बसवलं. बाबूराव खुर्चीच्या कडेला टेकले.

"बाबूरावजी, स्टेशनवर माइकचा इंतजाम होत नाहीये. गर्दी होणार बेहिसाब. पाहुणे उतरले की सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं स्वागत पाहिजे. असा गळा सगळ्या शहरात एकच आहे."

बाबूरावांच्या कानशिलांत रक्त चढलं. ते म्हणाले, "हुकूम. त्यांच्यात महाराज कोण आहेत?"

"महाराज कुणी नाही. सगळे कामगार आहेत. कोणी कातणारा, कोणी विणणारी."

"मग ललकारी कुणाच्या नावाची देऊ?"

दिनानाथजींनी डोकं खाजवलं. "तुम्ही बस जोरात 'नमस्ते' बोला ना."

"नमस्ते ओरडायची चीज नाही साहेब. ती हात जोडून बोलायची."

प्रश्न घेऊन बाबूराव घरी आले. कुमुदिनी आता मुलींच्या शाळेत शिकवत होती आणि तिच्या वर्गाच्या मुली कागदी झेंडे घेऊन स्टेशनवर उभ्या राहणार होत्या. तिनं भाकरीचा तुकडा मोडत सहज म्हटलं, "बाबा, त्यांच्याच भाषेत काही बोला ना. किती खुश होतील!"

झालं. बाबूरावांच्या डोक्यात दिवा पेटला. आता रशियन येणारा माणूस आणायचा कुठून? मंडळाबरोबर दुभाष्या होता, पण तो त्यांच्याच गाडीतून येणार. कॉलेजातल्या एकानं जर्मन येतं असं सांगितलं. त्याचा उपयोग नव्हता. शेवटी लक्ष्मीबाईंना, म्हणजे कुमुदिनीच्या आईला, आठवलं की त्यांच्या आतेभावाचा मेहुणा उदयसिंह दुसऱ्या महायुद्धात इराणात लष्करी लॉऱ्या चालवायचा. तिथे म्हणे ते माल भरलेल्या लॉऱ्या रशियनांच्या ताब्यात द्यायचे. आता तो मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक चालवत होता आणि मानपुरात राहत होता.

रविवारी पहिल्या बसनं बाबूराव मानपूरला हजर. उदयसिंह खाटेवर बसून दाढी करत होता. येण्याचं कारण ऐकलं तसा तो अर्ध्या दाढीनिशीच उठला.

"भिया, क्या बात करते हो! रशियन? अरे, यायला पाहिजे ना मला रशियन! पण एकच शब्द येतो. बाकी शिव्या आहेत, त्या तुमच्या कामाच्या नाहीत."

"एकच पाहिजे. पाहुण्याला भेटल्यावर काय म्हणतात तो."

"तोच येतो," उदयसिंह म्हणाला, आणि साबणाचा फेस गालावर तसाच ठेवून त्यानं मोठ्या डौलात शब्द काढला, "झ्द्रास्तवुयत्ये!"

बाबूराव दचकले. "हे एका दमात बोलायचं?"

"एका दमात. झ्द्रा, स्तवुय, त्ये. मतलब काय माहीत आहे? निरोगी राहा. तब्येतीनं राहा."

मतलब ऐकून बाबूरावांना शब्द एकदम जवळचा वाटला. आशीर्वादच की हा! त्यांनी श्वास घेतला आणि पहिल्यांदा प्रयत्न केला. शब्द घशात तीन ठिकाणी अडखळला. दुसऱ्यांदा दोन ठिकाणी. उदयसिंहानं त्यांना घाटाच्या तोंडाशी नेलं, ट्रक थांबतात तिथे, आणि म्हणाला, "आता मारा आवाज." बाबूरावांनी विहिरीची आठवण केली आणि शब्द दरीवर सोडला. तो गेला, पलीकडच्या डोंगराला लागला आणि परत आला, अख्खाच्या अख्खा. चहा पिणारे ड्रायव्हर उठून उभे राहिले. बाबूरावांच्या अंगावर शहारा आला. सात वर्षांनी गळा आपला वाटला.

"आवाज तर कडक आहे," उदयसिंह म्हणाला. "पण एक चूक होतेय. तुम्ही जमिनीकडे बघून बोलता. तिथे असं नाही चालत. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. आणि ऐका, हा शब्द ज्याला म्हटला त्यानं तोच शब्द परत द्यायचाच. मी पहिल्या दिवशी गप्प राहिलो, तर तो रशियन ड्रायव्हर बर्फात माझ्यासमोर उभा राहिला. चाबी घेईना. मी परत बोललो तेव्हा हसला आणि मग चाबी घेतली."

बाबूराव रस्त्याकडेच्या दगडावर टेकले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी म्हटलं, तर ते मला परत म्हणतील?"

"म्हणतील म्हणजे? म्हणायलाच पाहिजे!"

"मला? माझ्या पाठीमागच्याला नाही?"

"तुमच्या पाठीमागे कोण असणार आहे?"

हा प्रश्न बाबूरावांनी घाटापासून इंदूरपर्यंत बसच्या खिडकीत बसून चघळला. सगळा जन्म पुकारा करण्यात गेला, आणि त्याला उलट उत्तर आलं असं एकदाही झालं नव्हतं. माणसं वाकायची, पण ती नजर त्यांच्यावरून पलीकडे जायची. आता कुणीतरी सात समुद्रांपलीकडून येणार, आणि बाबूराव चोपदारांनी 'निरोगी राहा' म्हटलं की त्यांच्या तोंडाकडे बघून 'तुम्हीही राहा' म्हणणार! ते त्यांना एवढं हवंहवंसं वाटलं की महूच्या थांब्यावर शेजारच्या प्रवाशाला त्यांनी शब्द म्हणूनच दाखवला. तो प्रवासी पुढच्या बाकावर जाऊन बसला.

घरात तर धुमाकूळ सुरू झाला. सकाळी दूधवाल्याला झ्द्रास्तवुयत्ये, दुपारी डाकियाला झ्द्रास्तवुयत्ये. लक्ष्मीबाई फोडणी देत असताना मागून येऊन त्यांनी म्हटलं तेव्हा हातातली मोहरीची वाटी उडाली. "शिंक आली तर रुमाल धरा हो तोंडावर," त्या म्हणाल्या. पण गल्लीतल्या पोरांना तो शब्द असा आवडला की आठवड्याच्या आत मल्हारगंजात रामरामाचं नाव निघेना.

शब्द बसला. नजर बसेना. कुमुदिनी समोर उभी राहायची आणि सांगायची, "बाबा, माझ्याकडे बघून बोला." बाबूराव तिच्याकडे बघायचे, श्वास घ्यायचे, आणि आवाज सुटला रे सुटला की नजर सर्रकन तिच्या चपलांवर. तीस वर्षांची हाडांत मुरलेली सवय ती. बाबूराव हैराण झाले. कुमुदिनीनं युक्ती काढली. ती म्हणाली, "हात मोकळे सोडा. तुमची मूठ वळलेली असते, जशी काठी धरलीय." त्यांनी मूठ सोडली. नजर वर राहिली! लेकीच्या डोळ्यांत बघून त्यांनी अख्खा शब्द म्हटला, आणि तिनं तो खणखणीत परत दिला. बाबूराव इतके खुलले की त्यांनी त्या आनंदात बाजारातून शेरभर जिलबी आणली.

स्वागताचा दिवस उजाडला तेव्हा इंदूरचं स्टेशन म्हणजे मुंगीला पाऊल ठेवायला जागा नाही. गिरणीचा बॅण्ड, शाळांच्या रांगा, झेंडूच्या माळा, आणि दरबारच्या काळातली काही म्हातारी मंडळी, पगड्या घालून मुद्दाम पुढे उभी. दिनानाथजींनी बेत दहा वेळा समजावला होता. पाहुणे उतरून सतरंजीवर उभे राहतील, बाबूराव त्यांच्यासमोर तोंड करून उभे राहतील, शब्द म्हणतील, मग हार. बाबूरावांनी पांढरा कोट घातला होता आणि दोन्ही हात मोकळे सोडले होते. मूठ वळायची नाही, हे ते मनात घोकत होते. पलीकडे मुलींच्या रांगेत कुमुदिनी उभी होती आणि खुणेनं दाखवत होती, डोळे वर, डोळे वर.

गाडी शिटी देत आत शिरली. गर्दी पुढे लोटली, आणि हारांची परडी कुणाच्या तरी पायाखाली गेली. दिनानाथजींच्या हातात एक उंच बांबू होता, त्यावर दोन्ही देशांचे झेंडे बांधलेले आणि टोकाला पितळी गोळा. त्यांनी तो समोर दिसलेल्या पहिल्या माणसाच्या हातात कोंबला. "धरा जरा बाबूरावजी, मी हार बघतो!"

तो पहिला माणूस म्हणजे बाबूराव.

बांबू हातात आला आणि मूठ वळली. बस्स, तेवढंच झालं. डब्याचं दार उघडलं, मागे पावलं वाजली, आणि बाबूरावांचं अंग त्यांना न विचारता कामाला लागलं. पाठ पाहुण्यांकडे. मान खाली. नजर पायांपुढच्या हातभर जमिनीवर. छाती भरली आणि सुटली.

"झ्द्रास्तवुयत्येऽऽ!"

पत्र्याखाली तो शब्द या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. बॅण्डवाल्यांच्या पिपाण्या ओठांवरच राहिल्या. शब्द रशियन, पण चाल दरबारी, आणि ती चाल कानांवर पडताच पगड्यांतली म्हातारी मंडळी मुजऱ्याला वाकली. गिरणीकामगारांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पाहुणे बिचारे बुचकळ्यात पडले, पण माणसं भली. इथली रीतच अशी असेल, असं समजून ते बाबूरावांच्या मागे शिस्तीत रांगेनं चालू लागले. दिनानाथजी चुरगळलेले हार घेऊन धावत आले आणि कळवळून म्हणाले, "बाबूरावजी, पाठ! पाहुण्यांना पाठ!"

बाबूरावांना ऐकू आलं, पण पावलं थांबेनात. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारा केला आणि वाट पाहिली. मागून फक्त बुटांचे आवाज. तिसऱ्यांदा केला. तेच. आणि मग त्यांना उमगलं. आपण पाहुण्यांऐवजी प्लॅटफॉर्मला, खांबांना, हमालांना निरोगी राहा म्हणत सुटलोय! ज्यांना म्हणायचं ते पाठीमागे. पाठीला कोण उत्तर देणार? घाटावरचा रविवार, कुमुदिनीची युक्ती, ती जिलबी, सगळं मातीत. डोळ्यांत पाणी आलं, आणि चोपदाराला डोळे पुसण्याचीसुद्धा मुभा नसते, म्हणून ते तसेच चालत राहिले.

एवढ्यात मागे लगबग झाली. बाजूनं कुणीतरी धावत पुढे गेलं आणि ऐन वाटेत उभं राहिलं. चोपदाराच्या वाटेत आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं. बाबूरावांना आधी दिसले ते बूट, काळे, जाडजूड, झिजलेल्या टाचांचे. मग एक करडा कोट. मग लाल रुमाल बांधलेलं डोकं. बाई त्यांच्याच वयाची असेल, गिरणीत उभ्यानं जन्म काढलेली, पोटऱ्या सुजलेल्या. धावल्यामुळे तिला धाप लागली होती.

ती थांबून राहिली. बाबूरावांची नजर वर आली, आणि बांबू हातात असताना वर आली.

तिनं त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "झ्द्रास्तवुयत्ये." मोठ्यानं नाही. घाटातून परत आलेल्या आवाजासारखं नाही. शेजारीण शेजाऱ्याला म्हणते तसं. मग तिच्या मागून येऊन सगळे एकेक करून पुढे उभे राहिले आणि प्रत्येकानं बाबूरावांना तो शब्द दिला, प्रत्येकानं हात पुढे केला, आणि बाबूरावांनी बांबू डाव्या हातात घेऊन उजव्या हातानं एकेकाचा हात हातात घेतला. "तुम्हीही, तुम्हीही," ते मराठीतच म्हणत होते. दिनानाथजींनी हातातला एक हार, कुणाला घालावा ते न सुचून, बाबूरावांच्याच गळ्यात घातला.

आणि तेव्हा मुलींच्या रांगेतून, बॅण्डच्या वरताण, गर्दीच्या वरताण, टाचा उंचावून कुमुदिनी ओरडली, "बाबा! बाबा!"

सगळं स्टेशन वळलं. बाबूरावांच्या हातात काठी होती. त्यांनी मान वळवली, लेकीकडे बघितलं, आणि विहिरीच्या काठावर कमावलेला सगळा आवाज एका अक्षरात ओतला.

"ओऽऽऽ!"

पगड्यांतली म्हातारी मंडळी सवयीनं पुन्हा वाकली. पाहुणे सगळे पुढे आले होते, त्यामुळे या वेळी बाबूरावांच्या पाठीमागे कुणीच नव्हतं. कुमुदिनी झेंडे टाकून गर्दीतून वाट काढत बापापाशी आली. काय सांगायला हाक मारली होती, ते ती पार विसरून गेली होती.